नवी अर्टिगा घ्यावी की जुनी? पैसे नेमके कुठे वाचतात आणि कुठे जातात

घरात आई-वडील, दोन मुलं, दर दिवाळीला आणि गणपतीला गाव, आणि अधूनमधून कुणाचं तरी लग्न. पाच सीटच्या गाडीत सहावा माणूस मांडीवर बसतो आणि सातवा एसटीने येतो. मग कधीतरी घरात विषय निघतो की आता सात सीटर बघू या. बजेट साधारण आठ ते बारा लाख. या बजेटमध्ये महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत पहिलं नाव निघतं ते मारुती सुझुकी अर्टिगाचं. आणि लगेच दुसरा प्रश्न येतो: नवी घ्यायची की तीन-चार वर्षं वापरलेली?

या प्रश्नाला सोशल मीडियावर दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक म्हणतो, "नवी गाडी शोरूमच्या बाहेर पडली की लाख रुपये गेले." दुसरा म्हणतो, "जुनी म्हणजे दुसऱ्याची डोकेदुखी विकत घेणं." दोन्हींत तथ्य आहे, पण अर्टिगाच्या बाबतीत दोन्ही अर्धवट आहेत. का ते पाहू.

'जुनी अर्टिगा' ही एक गाडी नाही

अर्टिगा भारतात एप्रिल २०१२ मध्ये आली. त्याआधी २०१० च्या दिल्ली ऑटो एक्स्पोमध्ये ती 'आर थ्री' या संकल्पना रूपात दिसली होती. इंडोनेशियन भाषेत तीनला 'तिगा' म्हणतात. 'आर तिगा', म्हणजे तीन रांगा, यावरून अर्टिगा. २०२४ मध्ये ती देशात सर्वाधिक खपलेल्या पहिल्या पाच गाड्यांत होती. सात सीटर गाडीने इतकं खपणं ही आपल्याकडे साधी गोष्ट नाही.

पण या काळात नाव तेच राहिलं आणि आतली गाडी बदलत गेली. जाहिरातीत "अर्टिगा, उत्तम कंडिशन" एवढंच लिहिलेलं असतं. खरा प्रश्न असतो तो 'कुठली अर्टिगा' हा.

पहिली पिढी २०१२ ते २०१८. पेट्रोलमध्ये १.४ लिटरचं इंजिन आणि डिझेलमध्ये १.३ लिटरचं, जे मूळ फियाटचं आणि स्विफ्ट-डिझायरमध्येही होतं. २०१५ च्या ऑक्टोबरात चेहरा बदलला आणि डिझेलला एसएचव्हीएस नावाची छोटी हायब्रिड यंत्रणा मिळाली. या पिढीची तिसरी रांग लहान मुलांसाठीच आहे. मोठा माणूस तिथे बसला तर गुडघे छातीला लागतात.

दुसरी पिढी नोव्हेंबर २०१८ मध्ये आली. आधीच्यापेक्षा ती ९९ मिलिमीटर लांब आणि ४० मिलिमीटर रुंद. आकडे छोटे वाटतात, पण तिसऱ्या रांगेत बसून पाहिलं की फरक कळतो. पाठ मागे रेलता येते, आणि पुणे-नाशिक अंतर साधारण उंचीचा माणूस तक्रार न करता काढतो. १.५ लिटरचं नवं पेट्रोल इंजिन याच वेळी आलं.

डिझेलचा शेवटचा अंक थोडक्यात आटोपला. २०१९ मध्ये मारुतीने स्वतः बनवलेलं १.५ लिटर डिझेल इंजिन अर्टिगात बसवलं. ताकद ९५ पीएस, टॉर्क २२५ एनएम, सहा गिअर. घाटात सात माणसं घेऊन चढायला यापेक्षा चांगली अर्टिगा झाली नाही, असं ती चालवलेले लोक सांगतात आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या. म्हणजे हे इंजिन जेमतेम वर्षभर विकलं गेलं. बाजारात ती क्वचित दिसते, आणि दिसली की मालकाला तिची किंमत पक्की ठाऊक असते.

एप्रिल २०२२ मध्ये पेट्रोल इंजिन पुन्हा बदललं. के१५बी जाऊन के१५सी आलं. ताकद १०३ पीएस, म्हणजे आधीपेक्षा किंचित कमीच, पण मायलेज सुधारलं. मोठा बदल ऑटोमॅटिकमध्ये होता. जुना चार गिअरचा ऑटोमॅटिक जाऊन सहा गिअरचा आला. जुनी ऑटोमॅटिक अर्टिगा बघत असाल तर एप्रिल २०२२ ही सीमारेषा लक्षात ठेवा. चार गिअरवाली गाडी शहरात ठीक चालते, पण हायवेवर ओव्हरटेक करायला जरा जास्तच धीर धरावा लागतो.

आणि जुलै २०२५ पासून सर्व व्हेरियंटमध्ये सहा एअरबॅग आल्या. या मुद्द्याकडे पुढे परत येऊच.

तर, जुनी घ्यायचीच असेल तर माझ्या मते शोध एप्रिल २०२२ नंतरच्या गाडीपासून सुरू करावा. बजेट त्याच्या खालीच असेल तर दुसऱ्या पिढीतली, म्हणजे २०१९ नंतरची. पहिली पिढी आता फक्त त्यांच्यासाठी, ज्यांना गाडी कमी चालवायची आहे आणि हाताशी विश्वासू मेकॅनिक आहे.

शोरूमबाहेर पडल्यावर किंमत पडते, पण अर्टिगाची तेवढी नाही

नवी गाडी पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वात वेगाने किंमत गमावते, म्हणून वर्ष-दोन वर्षं वापरलेली गाडी घ्यावी, हा नियम बऱ्याच गाड्यांना लागू पडतो. अर्टिगाला तो नीट लागू पडत नाही. विशेषतः सीएनजी अर्टिगासाठी नव्या गाडीची प्रतीक्षा बराच काळ महिनोन्‌महिने चालली. ज्याला गाडी आजच हवी होती तो जुनीला जास्त पैसे द्यायला तयार झाला, आणि जुन्याचे भाव वर राहिले. त्यामुळे वर्षभर वापरलेल्या अर्टिगाचा आणि नव्या अर्टिगाचा फरक अनेकदा इतका थोडा असतो की त्यासाठी वॉरंटी आणि मनःशांती सोडण्यात अर्थ नाही.

यात २२ सप्टेंबर २०२५ ची भर पडली. त्या दिवसापासून चार मीटरपेक्षा लांब असलेल्या या वर्गातल्या गाड्यांवर आधीचा २८ टक्के जीएसटी अधिक १७ टक्के सेस, म्हणजे एकूण ४५ टक्के, जाऊन सरसकट ४० टक्के जीएसटी लागू झाला. साडेदहा लाखांच्या गाडीवर हा फरक साधारण छत्तीस हजारांचा होतो. नव्या अर्टिगाची एक्स-शोरूम किंमत त्यानंतर पावणेनऊ लाखांच्या थोडी वर सुरू होऊन तेरा लाखांच्या आत संपत होती. जुनी गाडी विकणारा तुम्हाला २०२४ चं बिल दाखवून "साडेबारा लाखांना घेतली होती" म्हणेल. तुलना त्या बिलाशी करायची नाही. आज तोच व्हेरियंट किती रुपयांना मिळतो, त्याच्याशी करायची.

हप्त्याचं गणित: चार लाख कमी घेऊन व्याज किती वाचलं?

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. नव्या गाडीचं कर्ज बँका कमी दराने देतात, जुन्या गाडीचं बऱ्याच जास्त दराने. सोयीसाठी आकडे धरू.

नवी गाडी ऑन-रोड साडेअकरा लाखांना. अडीच लाख हातचे, नऊ लाख कर्ज, दर ९ टक्के, पाच वर्षं. हप्ता सुमारे १८,७०० रुपये. पाच वर्षांत व्याज जातं साधारण २ लाख २१ हजार.

जुनी गाडी साडेसात लाखांना. हातचे तेच अडीच लाख, कर्ज पाच लाख, दर साडेतेरा टक्के, पाच वर्षं. हप्ता सुमारे ११,५०० रुपये. व्याज जातं साधारण १ लाख ९० हजार.

म्हणजे कर्ज चार लाखांनी कमी घेतलं आणि व्याज वाचलं फक्त तीसेक हजार. महिन्याचा हप्ता सात हजारांनी कमी बसतो हे खरं आहे, आणि ज्या घरात महिनाअखेर सात हजार रुपये मोठे असतात तिथे हा फरक निर्णायक ठरतो. पण "जुनी घेतली की व्याज वाचतं" हा समज मात्र सोडून द्यायला हवा. जुनी गाडी खऱ्या अर्थाने स्वस्त पडते ती रोख घेतल्यावर, किंवा दोन वर्षांत फिटेल इतक्याच कर्जात.

विम्याची गोम

याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

गाडी पूर्ण नष्ट झाली किंवा चोरीला गेली तर विमा कंपनी देते ती आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत. ती ठरवायचं कोष्टक असं: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घसारा, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. हा घसारा कंपनीच्या छापील किमतीवर धरतात.

आता अर्टिगाचा बाजारभाव या कोष्टकाइतका पडत नाही. समजा साडेतीन वर्षांच्या गाडीची मूळ किंमत साडेदहा लाख. कोष्टकाप्रमाणे आयडीव्ही येते ६ लाख ३० हजार. तुम्ही मात्र ती साडेसात लाखांना घेतली. पुढच्या महिन्यात गाडी चोरीला गेली तर सव्वा लाख तुमच्या खिशातून गेले, आणि कर्ज असेल तर हप्ते चालूच. विमा कंपन्या आयडीव्ही थोडी वर-खाली करू देतात, त्यामुळे नूतनीकरणाच्या वेळी ती मुद्दाम वरच्या टोकाला ठेवायला सांगा. प्रीमियम थोडा वाढेल, वाढू द्या. नव्या गाडीला सुरुवातीची काही वर्षं 'रिटर्न टू इनव्हॉइस' हे जादा संरक्षण घेता येतं, ज्यात बिलाची पूर्ण रक्कम मिळते. जुन्या गाडीला ते सहसा मिळत नाही.

आणखी एक. विक्रेता सांगतो, "पन्नास टक्के नो-क्लेम बोनस आहे, विमा स्वस्त पडेल." नो-क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. तो विक्रेत्याबरोबर जातो. तुमच्या नावावर पॉलिसी होताना फरकाची रक्कम भरावी लागते.

सीएनजी: बचत खरी, पण डिकी विसरा

मारुतीच्या आकड्यांप्रमाणे पेट्रोल मॅन्युअल अर्टिगा लिटरला २०.५१ किलोमीटर देते आणि सीएनजी किलोला २६.११. प्रत्यक्षात शहरात पेट्रोलवर चौदा आणि सीएनजीवर वीस धरा. पेट्रोल १०४ रुपये आणि सीएनजी ८५ रुपये धरला तर किलोमीटरला अनुक्रमे सुमारे ७ रुपये ४० पैसे आणि सव्वाचार रुपये पडतात. किलोमीटरमागे तीन रुपयांच्या वर बचत. नव्या सीएनजी गाडीला पेट्रोलपेक्षा साधारण पाऊण ते एक लाख जादा द्यावे लागतात. ते वीस-तीस हजार किलोमीटरमध्ये फिटतात. महाराष्ट्रात रस्ता करही मदत करतो. वैयक्तिक पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि त्यापुढे १२ टक्के कर आहे. सीएनजीला तो ७ ते ९ टक्के होता, २०२५ मध्ये एक टक्क्याने वाढला, तरी पेट्रोलपेक्षा कमीच आहे.

मग अडचण काय? सिलिंडर तिसऱ्या रांगेच्या मागे बसतो. पेट्रोल अर्टिगातही सातही सीट उघड्या असताना मागे २०९ लिटरचीच जागा असते, म्हणजे दोन मध्यम बॅगा. सीएनजीत तीही जाते. सात माणसं आणि सात जणांचं सामान हे समीकरण सीएनजी अर्टिगात जुळत नाही. टपावर कॅरिअर लावा किंवा एक सीट पाडा. शिवाय सीएनजीवर ताकद ८८ पीएसवर येते. कसाऱ्याच्या घाटात भरलेल्या गाडीने चढताना दुसऱ्या गिअरची ओळख चांगली होते.

जुनी सीएनजी घेताना तीन गोष्टी विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. किट कंपनीचं आहे की बाहेरून बसवलेलं? बाहेरचं असेल तर आरसीवर त्याची नोंद आहे का? नसेल तर अपघातात विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं. आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट झाली आहे का? त्याची तारीख सिलिंडरवर आणि प्रमाणपत्रावर असते.

पेट्रोलवाल्यांसाठीही एक मुद्दा आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्यासाठी तयार करून दिलेल्या आहेत. त्याआधीच्या गाड्या लगेच बंद पडत नाहीत, पण मायलेज थोडं कमी मिळतं, आणि रबरी नळ्या-सील यांच्याकडे मेकॅनिकने दरवर्षी एकदा पाहिलेलं बरं.

सुरक्षितता: नव्या गाडीच्या बाजूने सर्वात भक्कम मुद्दा

ग्लोबल एनकॅपने २०१९ मध्ये दुसऱ्या पिढीच्या अर्टिगाला मोठ्यांच्या आणि मुलांच्या सुरक्षेसाठी प्रत्येकी तीन स्टार दिले. २०२४ मध्ये भारतात बनलेली, आफ्रिकेत विकली जाणारी अर्टिगा पुन्हा तपासली. तेव्हा निकष कडक झाले होते. मोठ्यांसाठी एक स्टार आणि मुलांसाठी दोन स्टार मिळाले. दोन्ही वेळा गाडीत दोनच एअरबॅग होत्या आणि दोन्ही वेळा सांगाड्याला 'अस्थिर' असा शेरा होता.

यावरून अर्टिगा म्हणजे मृत्यूचा सापळा, असा व्हॉट्सॲपी निष्कर्ष काढायचं कारण नाही. पण ज्या गाडीत घरातली सात माणसं एकाच वेळी बसतात, तिच्याबद्दल हे माहीत असायला हवं. सांगाडा नव्या गाडीतही मुळात तोच आहे. फरक आहे तो सहा एअरबॅगचा, आणि एअरबॅग नंतर बाहेरून बसवून घेता येत नाहीत. जुलै २०२५ पूर्वीच्या गाडीच्या खालच्या व्हेरियंटमध्ये दोन आहेत, त्या दोनच राहणार. शोरूममध्ये हेही विचारा की बाजूच्या पडदा-एअरबॅगचं संरक्षण तिसऱ्या रांगेपर्यंत पोचतं का.

जुनी घेत असाल तर मधल्या रांगेत मधोमध बसणाऱ्याचा पट्टा पाहा. तो फक्त कमरेचा असेल तर ती जागा रोजच्या वापरात मोकळी ठेवा. पहिल्या पिढीच्या खालच्या पेट्रोल गाड्यांत तर एअरबॅगच नव्हत्या. दोन-अडीच लाखांत मिळते म्हणून मुलांना शाळेत सोडायला अशी गाडी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ही गाडी आधी टॅक्सी होती का?

जुन्या अर्टिगाच्या बाजारातला हा सर्वात मोठा धोका. अर्टिगा टॅक्सी म्हणूनही प्रचंड चालते. 'टूर एम' नावाने तिचा खास टॅक्सी व्हेरियंटच विकला जातो. टॅक्सी वर्षाला साठ-सत्तर हजार किलोमीटर सहज धावते. पुढे कागदोपत्री ती खासगी करून, पांढरी पाटी लावून, मीटर मागे फिरवून "डॉक्टरांची गाडी, सिंगल हँड" म्हणून विकायला येते. त्याहून ओळखायला कठीण म्हणजे कायम पांढऱ्या पाटीवरच भाड्याने फिरलेली गाडी. तिच्या कागदावर काहीच डाग नसतो.

कागदापासून सुरुवात करा. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की वाहनाचा वर्ग, कितवा मालक, विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा कळतो. मग मारुतीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन सर्व्हिसची नोंद मागवा. २०२३ च्या जूनमध्ये ९२ हजार किलोमीटरची नोंद असेल आणि आज मीटर ६५ हजार दाखवत असेल, तर पुढे बोलायची गरज उरत नाही. नोंद अचानक दीड-दोन वर्षं गायब असेल तर तोही संशयच.

मग गाडी पाहा. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टेअरिंगची चकाकी, ड्रायव्हर सीटचा दाराकडचा कोपरा. मीटर फिरवणारे हे सहसा बदलत नाहीत. व्यावसायिक गाड्यांना ताशी ८० किलोमीटरचा वेग नियंत्रक बंधनकारक असतो. इंजिनच्या भागात त्याच्या वायरी कापल्याच्या खुणा किंवा कंस राहिलेला दिसतो का? टपावर कॅरिअरची भोकं बुजवली आहेत का? मागच्या दाराच्या आतल्या प्लास्टिकवर ओरखडे, तिसऱ्या सीटची सैल झालेली कुलपं. घरगुती गाडीत तिसरी रांग सहसा नव्यासारखी असते, कारण तिथे कुणी बसतच नाही.

पुराच्या गाड्यांचंही भान ठेवा. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, २०२१ मध्ये चिपळूण, २०२४ मध्ये पुण्याचा सिंहगड रस्ता. पाण्यात गेलेल्या गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जातात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या फूटभर पट्ट्यावर चिखलाची रेघ असेल तर ती धुतलेली नसते. सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवरचा गंज आणि कार्पेट उचलल्यावर येणारा कुबट वास हेही बघा. हायब्रिड अर्टिगाची छोटी लिथियम बॅटरी पुढच्या प्रवासी सीटखाली असते. पाण्यात गेलेल्या गाडीत ती आधी आजारी पडते आणि बदलायला महाग असते.

याच हायब्रिड यंत्रणेतल्या मोटर-जनरेटरसाठी मारुतीने दोनदा मोठ्या संख्येने गाड्या परत बोलावल्या होत्या. ४ मे २०१८ ते २७ ऑक्टोबर २०२० या काळात बनलेल्या पेट्रोल गाड्यांपैकी १ लाख ८१ हजारांहून अधिक, ज्यांत अर्टिगाबरोबर सियाझ, ब्रेझा, एक्सएल६ याही होत्या. तुम्ही बघताय ती गाडी या काळातली असेल तर चेसिस क्रमांक देऊन ते काम झालंय का, हे सर्व्हिस सेंटरमध्ये विचारा. ते काम कंपनीने मोफत केलं होतं.

चालवून बघताना एकट्याने जाऊ नका. पाच-सहा जणांना बसवून एखादा चढ चढा, खड्ड्यातून न्या, मागचा एसी पूर्ण वेगाने लावा आणि तिसऱ्या रांगेत बसलेल्याला गार लागतंय का ते विचारा. रिकाम्या गाडीत बसून एसीचा दोष कळत नाही, सस्पेन्शनचा तर नाहीच.

"मग त्याच पैशांत जुनी इनोव्हा का नको?"

हा प्रश्न येणारच. इनोव्हा २००५ मध्ये क्वालिसच्या जागी आली आणि तिची तिसरी रांग आजही अर्टिगापेक्षा ऐसपैस आहे. लाखो किलोमीटर धावलेल्या इनोव्हा आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. पण आठ लाखांत मिळणारी चांगली इनोव्हा बहुधा दहा वर्षांच्या आसपासची असते, मायलेज दहा-बारा, टायरपासून क्लचपर्यंत सगळं महाग. पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर. महिन्याला दोन हजार किलोमीटर हायवेवर जाणाऱ्याने जरूर घ्यावी. सोसायटीच्या अरुंद पार्किंगमध्ये लावून रविवारी मंडईत न्यायची असेल तर नको.

दिल्लीहून येणाऱ्या स्वस्त डिझेल गाड्यांचाही मोह पडतो. तिथे दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले आणि त्या बाहेर विकल्या जाऊ लागल्या. महाराष्ट्रात आणल्यावर एनओसी, नवी नोंदणी आणि इथला रस्ता कर पुन्हा भरावा लागतो. हे सगळं धरून हिशेब केला की दिल्लीचा स्वस्तपणा बराचसा वितळतो.

पैसे देताना

ओळखीतून थेट मालकाकडून घेतली तर जीएसटी नाही. डीलरकडून घेतली तर १८ टक्के जीएसटी आहे, पण तो डीलरच्या नफ्यावर. गाडीच्या पूर्ण किमतीवर १८ टक्के मागणारा भेटला तर उठून या. मारुतीच्या ट्रू व्हॅल्यूमध्ये प्रमाणित गाडीवर एक वर्षापर्यंत वॉरंटी मिळते. थोडे जास्त पैसे पडतात, पण ज्याच्या ओळखीत मेकॅनिक नाही त्याच्यासाठी हा मार्ग वाईट नाही. नव्या गाडीला जुलै २०२४ पासून तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर वॉरंटी आहे. आधी ती दोन वर्षं किंवा ४० हजार होती. म्हणून २०२४ च्या उत्तरार्धात घेतलेली गाडी जुनी म्हणून मिळाली तर तिची उरलेली वॉरंटीही तुमच्याकडे येते, आणि भाव करताना ती धरायला हवी.

नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. पूर्ण रक्कम देण्याआधी महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर थकलेले दंड पाहा, एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षित नंबर प्लेट लागली आहे का ते पाहा, आणि विक्रेत्याचा फास्टॅग त्याच्याकडूनच बंद करून घ्या. विमा चौदा दिवसांत तुमच्या नावावर करण्यासाठी अर्ज करा. तो राहिला आणि मधल्या काळात गाडी ठोकली गेली, तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो.

गाडी विकणाऱ्यांनीही एक ध्यानात ठेवावं. "सही करून दिली, किल्ली दिली, विषय संपला" असं नसतं. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात स्पष्ट केलं आहे. त्यामुळे पन्नास हजार टोकन घेऊन एजंटाच्या हाती कोऱ्या फॉर्मवर सही करून गाडी सोडू नका. पंधरा दिवसांनी एमपरिवहनवर स्वतःच्या जुन्या गाडीचा नंबर टाकून मालकाचं नाव बदललं का, ते बघा.